परार्ध : अर्धा, पण कशाचा?

प्रश्न : 'परार्ध' म्हणजे अनंत का? नसेल, तर ही संख्या नेमकी केवढी, आणि गणिताच्या दृष्टीने तिच्यात काही विशेष आहे का?

अनंत मुळीच नाही. 'परार्ध वेळा बजावलं' असं ठोकून देणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावं. १ वर १७ शून्यं, म्हणजे १८ अंकी संख्या (अंक आणि शून्यं यांत गल्लत करणारे पुष्कळ). परार्ध सेकंदांची सुमारे ३१७ कोटी वर्षं होतात. पृथ्वीचं वय ४५४ कोटी.

आता खरी गंमत व्युत्पत्तीत. 'पर म्हणजे ब्रह्मदेवाचं आयुष्य, त्याचा अर्धा तो परार्ध' हे उत्तर डोळे मिटून दिलं जातं. पूजेच्या संकल्पातल्या 'द्वितीये परार्धे'ला ते लागू पडतं, कबूल. पण हिशोब करा की! ब्रह्मदेवाचा अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचा, असे ३६० म्हणजे त्याचं एक वर्ष, अशी ५० वर्षं : १५,५५२ वर १० शून्यं. संख्या म्हणून परार्ध याच्या ६४३ पट भरतो. शिवाय संख्यांच्या नावांच्या ज्या यादीत प्रत्येक पायरी आधीच्या दहापट, तिथे अर्ध्याला जागा कुठली?

संस्कृतात 'अर्ध' म्हणजे बाजूसुद्धा. परार्ध म्हणजे पलीकडची बाजू, पैलतीर. शुक्ल यजुर्वेदातल्या चढत्या यादीचा शेवट पाहा : समुद्र, मध्य, अंत, परार्ध. समुद्र, त्याचा मध्य, त्याचा शेवट आणि मग पैलतीर! तिथे परार्धावर १२ शून्यं आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) कोटी, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू अशी भर पडून तो १७ वर पोचला, आणि क्रम झाला जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. शेवट आधी, मध्य नंतर! चित्रच विस्कटलं. 'अर्धा'वाले पंडित या उलथापालथीबद्दल गप्प का, ते त्यांनाच विचारा.

हो, गणित राहिलंच. परार्धाला १७ ने भागा. भागाकार ५८८२३५२९४११७६४७०, बाकी १०. शेवटचं शून्य उचलून पुढे ठेवा आणि २ ने गुणा : ११७६४७०५८८२३५२९४. तेच अंक, त्याच क्रमाने, सुरुवात फक्त दुसरीकडून. २ ते १६ पर्यंत कशानेही गुणलं तरी हेच, कारण १० चे घात १७ ने भागत गेलं की १ ते १६ या सगळ्या बाक्या येऊन गेल्यावरच चक्र पुरं होतं.

एका बाबतीत मात्र परार्ध थोडक्यात हुकतो. दहाचा घात अशा दोन संख्यांचा गुणाकार म्हणून मांडायचा, ज्यांच्या अंकांत एकही शून्य नाही, तर २ चे सगळे घटक एकीकडे आणि ५ चे दुसरीकडे ठेवावे लागतात. मिसळले की शेवटी शून्य आलंच. २ चा १७ वा घात १,३१,०७२. मधे शून्य शिरलं! परार्धाच्या दहापटीत जमतं : २,६२,१४४ × ३८,१४,६९,७२,६५,६२५. पुढे १० च्या ३३ व्या घातात जमतं. त्यापलीकडे एकही सापडलेला नाही, आणि नाहीच अशी सिद्धताही नाही.