टू-डी अ‍ॅनिमेशनमधला पाऊस खरा का वाटत नाही?

पावसाच्या रेघांचे तीन थर टाकूनही शॉट ओरखडे पडलेल्या काचेसारखा दिसतो, असं तुम्ही म्हणताय. कारण तुम्ही नुसतं पडणारं पाणी काढताय. पाऊस कळतो तो ज्यावर पडतो त्यावरून.

यावरून माझं एका सुपरवायझरशी जोरात वाजलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, केळीच्या बागेत वाढलेला. पुण्यात नोकरीला असताना केळीच्या पीक विम्यावर शेतकऱ्यांसाठी एक छोटी फिल्म केली. त्यात जूनच्या वादळाचा शॉट होता. मी सुरुवात फुफाट्यापासून केली: टपोरा थेंब पडतो, धूळ उडते, वाटीच्या आकाराचा इवलासा खळगा होतो आणि पाणी धूळ लपेटून गोळीसारखं बसतं. मग वारा. केळीचं पान कडेपासून मधल्या शिरेपर्यंत फाटतं, चिंध्या एकाच बाजूला फडफडतात, शिरेच्या पन्हळीतून पाणी देठाकडे धावतं. सुपरवायझर साहेबांनी हे सगळं कापलं आणि वरून पावसाची तयार लूप, म्हणजे तीच ती फिरत राहणारी क्लिप, टाकली. रेघा सपाट्याने तिरक्या, खाली बाग ताठ उभी. ‘‘पाऊस आहे एवढं कळलं की झालं.’’

गावात फिल्म दाखवली तेव्हा काका म्हणाले, ‘‘इतकं तिरकं पाणी आल्यावर बाग उभी राहील का रे?’’ केळीचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. घड लागलेलं झाड अशा वाऱ्यात मोडतंच. विमा त्यासाठीच तर होता!

साहेब जपानी चित्रांचा दाखला द्यायचे. पण जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ च्या पुलावरच्या सरीच्या चित्रात रेघा दोन कोनांत आहेत आणि पुलावरची माणसं अंग चोरून चाललीयेत. माणसं काढून टाका, मग बघा उरतं काय.

आता तुमच्या रेघा. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर पडतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबाने एका फ्रेममध्ये ३७ सेंटिमीटर. तेव्हा रेघच काढा, अश्रूसारखा थेंब नको; थेंब तसा नसतोच. तीच रेघ खाली सरकवत नेऊ नका, दर फ्रेमला जागा बदला, नाहीतर डोळा तिच्यामागे जातो. पुढचा थर विरळ आणि लांब, मागचा दाट आणि आखूड. सातपुड्याएवढ्या अंतरावर रेघा नकोतच, डोंगर फिका करत आभाळात मिसळवा. उजळ आभाळावर पाऊस दिसत नाही, उघड्या दारातल्या अंधारावर दिसतो.

फिल्म मोबाईलवर जाणार असेल तर बारीक रेघा कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल लहान करताना, पुसल्या जातात, तिथे त्या कमीच ठेवा. डेडलाइन डोक्यावर असेल तर तयार लूपही वापरा, माझी हरकत नाही. पण कोण ‘वेळ नाही’ म्हणालं तर रेघांचा एक थर सोडा, पानं हलवायचं सोडू नका.