सायटेशनचे आकडे पाहून पीएच.डी.साठी संस्था निवडावी का?

देवनारमधील टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांचे स्कोपस या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवरील शोधनिबंध व सायटेशन (म्हणजे इतर संशोधकांनी त्या निबंधांचे दिलेले संदर्भ) यांची तुलना करून पीएच.डी.साठी संस्था निवडावी का, असे आपण विचारले आहे. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मूल्यांकनासाठी अशी आकडेवारी काढून देणे हे माझे नेहमीचे काम आहे, आणि माझ्या मते या तुलनेवर निवड करू नये.

लोकसंख्याशास्त्रातील काम मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांतील, बहुलेखकी निबंधांतून प्रसिद्ध होते आणि ते स्कोपसमध्ये सहज मोजले जाते. समाजकार्य किंवा ग्रामीण विकास या विषयांतले बरेचसे काम मात्र पुस्तकांत, शासनाला दिलेल्या अहवालांत आणि मराठी लेखनात असते, ज्याची तिथे फारशी नोंदच होत नाही.

ज्या संस्थेला या मोजणीचा लाभ व्हावा, त्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचेही मोठे काम हिशेबाबाहेर राहते, ही यातली खरी गंमत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी 1992-93 मध्ये झाली आणि पाचवी 2019-21 मध्ये. या सर्वेक्षणांचे समन्वयन लोकसंख्या संस्थेकडे होते. देशभरातील संशोधक ही आकडेवारी वापरतात आणि संदर्भसूचीत संस्थेचे नाव लेखक म्हणून देतात. पण अहवाल म्हणजे नियतकालिकातला निबंध नव्हे, त्यामुळे ते संदर्भ संस्थेच्या सायटेशनमध्ये सहसा धरले जात नाहीत.

सरासरीवर तर मुळीच विसंबू नये. शंभर निबंधांपैकी एकाला 2000 सायटेशन मिळाली आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना एकही नसले, तरी सरासरी वीस भरते. जागतिक आरोग्यावरील शेकडो लेखकांच्या निबंधात एखाद्या प्राध्यापकाचे नाव असले की असे घडू शकते. एच-इंडेक्स (निदान दहा-दहा सायटेशन मिळालेले दहा निबंध असतील तर दहा, अशा रीतीने मोजला जाणारा) हा निर्देशांक हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये व्यक्तीसाठी सुचवला होता. तो संस्थेला लावला की जुनी आणि मोठी संस्था आपोआप पुढे दिसते. 2016 पासूनच्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत प्रकाशने आणि सायटेशन यांना गुण असल्यामुळे संस्था हे आकडे ठळकपणे मांडतात, इतकेच.

आपण ज्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू इच्छिता, त्यांचे अलीकडचे चार-पाच निबंध वाचा, त्यांचा आधार कोणी आणि कशासाठी घेतला ते पाहा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध सापडल्यास तेही जरूर चाळा, विशेषतः संशोधनपद्धतीचे प्रकरण.