सह्याद्रीतल्या फोटोंना डेप्थ (खोली) येत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स काढून १०-१८ वाइड लेन्स घ्यावी का?

लेन्स घ्या किंवा नका घेऊ, डेप्थ तिच्यामुळे येणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असा प्रश्न आला की "वाइड घे, सगळं सुटेल" हे उत्तर ठरलेलं असतं. मग लोक वाइड घेतात, आणि समोरचा डोंगर पूर्वीपेक्षा बुटका झालेला फोटो घेऊन घरी येतात.

तुम्ही लिहिलंय की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो, पण फोटोत दगड, कड्याची भिंत आणि आकाश असे तीन पट्टे एकावर एक दिसतात. मग कोकणकडाच धरून चालू.

कड्यावर तुम्ही चालत असता, मान वळवत असता. जवळचा दगड पलीकडच्या भिंतीवरून सरकताना दिसतो आणि त्या सरकण्यातून मेंदूला अंतर कळतं. दोन डोळ्यांचा फायदा जवळच्या वस्तूंपुरता. शेकडो मीटरवरच्या भिंतीसाठी तो जवळपास नाहीच. कॅमेरा एका जागी, एका डोळ्याने पाहतो. त्याच्याकडे उरतं एवढंच: कोण कोणाला झाकतंय, काय लहान होत जातंय, काय फिकट होत जातंय आणि ऊन कुठल्या बाजूने पडलंय. फोटोतली सगळी डेप्थ यातूनच काढायची आहे.

आता लेन्सचा हिशोब. त्याच जागेवरून १८ ऐवजी १० मिलिमीटरने काढलात तर पलीकडची भिंत फोटोत ५५ टक्के उंचीची उरते. दरी काही खोल होत नाही, फक्त भोवती आकाश आणि पायाखालचं गवत वाढतं. जवळ-लांबचं प्रमाण बदलतं ते कॅमेऱ्याची जागा बदलल्याने. दगड एक मीटरवर होता, तुम्ही अर्ध्या मीटरवर गेलात, की तो फोटोत दुप्पट होतो आणि लांबची भिंत होती तेवढीच राहते. वाइड लेन्सचं काम इतकंच, की एवढ्या जवळ जाऊनही दगड फ्रेममध्ये मावतो. पटत नसेल तर घरी खिडकीचं ग्रिल आणि समोरची इमारत घ्या. एकाच जागेवरून १८ आणि ५५ वर दोन फोटो काढा आणि १८चा फोटो क्रॉप करून ५५एवढा करा. ग्रिल आणि इमारत यांचं नातं दोन्हींत तंतोतंत सारखं येईल.

पण जवळचा दगड मोठा केला की झालं, असंही नाही. "फोरग्राउंडला काहीतरी टाक" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. त्याने दगड येतो, डोंगर येतो, आणि मधे काहीच नसतं. नजर दगडावरून थेट डोंगरावर उडी मारते. डेप्थ असते ती मधल्या जागेत, आणि ती मिळते की जाते हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरतं. साध्या सपाट माथ्याचा हिशोब बघा: १८ मिलिमीटर, आडवी फ्रेम, तुमच्या कॅमेऱ्यातला क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, कॅमेरा समपातळीत. कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर तुमच्यापासून ५ ते ३० मीटरमधली सगळी जमीन फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम ६ टक्क्यांत चेपली जाते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की त्याच जमिनीला ३० टक्के जागा मिळते. हल्ली ट्रायपॉड जमिनीला टेकवून गवताच्या पात्यात नाक खुपसायची फॅशन आहे, तिने मधला भाग पहिल्यांदा मरतो. कड्यावर तर आणखी वाईट, कारण खाली बसलात की समोरची धारच दरी झाकते.

म्हणून आधी उभं राहून बघा, मग कॅमेरा दहा-दहा सेंटिमीटरने खाली आणत जा. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: जवळच्या दगडाचा माथा मागच्या कुठल्या रेषेला चिकटतोय का. दगडाने मागची धार स्पष्ट झाकावी, नाहीतर दोघांत मोकळी फट असावी. माथा धारेला नुसता टेकला की दोन्ही एकाच अंतरावर आल्यासारखे वाटतात आणि फोटो तिथेच सपाट होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये हे लवकर दिसत नाही. स्क्रीनवर काढलेला फोटो झूम करून त्या एका जागी बघायचं.

कोकणकड्याला निसर्गाने आयती रेषा दिली आहे. कडा अर्धगोल आहे आणि तोंड पश्चिमेला. उत्तरेकडच्या बाजूने दक्षिणेकडे पाहिलंत तर धार तुमच्या पायाशी सुरू होते, डावीकडून वळसा घेते आणि समोरच्या टोकाला जाते. बरेच जण कड्याच्या मधोमध उभे राहून सरळ कोकणाकडे कॅमेरा धरतात, आणि तिथे पकडायला काही नसतं: हवा, आणि तळाशी धुरकट बेलपाडा गाव. वळणावर सरका. धार फ्रेमच्या अगदी कोपऱ्यातून सुरू करू नका, नजर तिथूनच बाहेर सटकते. कोपऱ्यापासून थोडी आत, खालच्या कडेतून येऊ द्या, आणि तिचं दुसरं टोक फ्रेममध्येच संपू द्या.

माणूस उभा करायचा असेल तर अंतर मोजून करा. १८ मिलिमीटरवर ३५ मीटरवरचा माणूस फ्रेमच्या उंचीच्या सुमारे ६ टक्के येतो, तो मोबाइलवरही कळतो. १०० मीटरवर तो २ टक्क्यांवर येतो आणि इन्स्टाग्रामवर ठिपकासुद्धा दिसत नाही. त्याच्या मागे फिकट भाग हवा, हात अंगापासून सुटे हवेत. आणि त्याला धारेपासून चांगला आत उभा करा. फोटोत तो धारेवर वाटेल अशी जागा तुम्ही शोधायची, त्याने नाही.

उजेडावर मात्र तडजोड नाही. सकाळी सूर्य कड्याच्या मागे, पूर्वेला असतो, भिंत स्वतःच्या सावलीत असते, सगळं एका रंगाचं. दुपारनंतर ऊन भिंतीला घासून जायला लागतं, तेव्हा एकेक थर सुटा दिसतो. सूर्यास्ताआधीच्या तासात दक्षिणेकडे पाहत असाल तर ऊन उजवीकडून येतं, कपारींत सावली भरते आणि धारेला उजळ कड येते. पावसाळ्यात ढग नुसता पांढरा पडदा टाकून बसला असेल तर थांबा. ढगाची एखादी पातळ चिंधी जवळची धार आणि समोरचं टोक यांच्या मधे शिरली, की तो क्षण. पुढचं काळं, मागचं फिकट, आणि दोघांमधली हवा डोळ्यांना दिसते.

आणि हा फोटो घरी आणून लोक काय करतात? एडिटिंगमधला डिहेझ (धुरकटपणा काढणारा) स्लायडर उजवीकडे ढकलतात. लांबचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच काळा, हिरवा आणि करकरीत करतात, आणि मग विचारतात डेप्थ कुठे गेली. स्पर्धेच्या परीक्षकांनी "मागचा डोंगर शार्प नाही, कॉन्ट्रास्ट कमी आहे" म्हणून फोटो बाजूला टाकलेला पाहिला आहे. त्या डोंगराने फिकट असणं हेच त्याचं काम होतं. मास्क लावून फक्त जवळच्या भागाला कॉन्ट्रास्ट १५-२० वाढवा आणि लांबच्या भागाला हात लावू नका, लावलात तर डिहेझ उणे ५-१० करा. जवळचा भाग किंचित उबदार, लांबचा किंचित निळसर. सावल्या पूर्ण उघडू नका. मोबाइलचा एचडीआर हेच करतो, सावल्या उचलतो आणि सगळं एकाच उजेडात आणून ठेवतो. जमत असेल तर तो बंद करा.

मागचं ब्लर केलं की डेप्थ येते, असं म्हणणारा दुसरा पंथ आहे. पोर्ट्रेटला ठीक. लँडस्केपमध्ये त्याने पुठ्ठ्याची आकृती कापून पडद्यापुढे उभी केल्यासारखं दिसतं: दोन थर, मधे काही नाही. याच्या उलट टोकाला एफ/२२वाले, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून सगळं शार्प करू पाहणारे. १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी आपल्या गटाचं नाव एफ/६४ ठेवलं, ते मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्यांसाठी होतं. तुमच्या सेन्सरवर एफ/१६ पासूनच विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याने) बारीक तपशील मऊ व्हायला लागतो. १८ मिलिमीटर, एफ/११, फोकस दीड मीटरवर, एवढ्यात ७५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत चालण्याजोगं शार्प मिळतं. मोठी प्रिंट काढायची असेल तर लांबचं किंचित मऊ वाटेल, तेव्हा दोन फ्रेम घ्या, एक जवळ फोकस करून, एक लांब, आणि नंतर जोडा. वाऱ्यात गवत हलत असेल तर जोडताना पाती दुहेरी येतात. तिथे एकच फ्रेम, आयएसओ ४००, शटर १/२०० च्या आसपास. ट्रायपॉडला बॅग लटकवू नका. कड्यावरच्या वाऱ्यात ती झुलते आणि ट्रायपॉडही हलवते.

तुमच्या किट लेन्सचं ५५चं टोक विसरू नका. पहाटे सूर्याच्या दिशेने एकामागे एक रांगा दिसत असतील तर ५५ लावा आणि फक्त रांगा घ्या, आकाश अगदी थोडं. प्रत्येक रांग मागच्या रांगेपेक्षा गडद असली की फोरग्राउंड लागतच नाही.

हे सगळं वाचून मी वाइडच्या विरोधात आहे असं समजू नका. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मागे सरकायला जागाच नसते, तिथे १०-१८ खरंच कामाला येते. मोबाइलवाल्यांनी मात्र ०.५ झूमऐवजी १ वर राहावं, ०.५च्या लेन्सचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतो. पावसात धारेजवळचं गवत फार निसरडं होतं, पुढे डोकावायचंच असेल तर पोटावर झोपून, आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला बांधून. घळींमध्ये वारंवार जाणार असाल तर लेन्स घ्या. नाहीतर एका ट्रेकसाठी भाड्याने आणून बघा, पुण्या-मुंबईत सहज मिळते.