मेहुणा नेमका कोण?

प्रश्न असा आला आहे : बायकोचा भाऊ मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा, मग ओळखायचं कसं? आणि ‘आज मेहुण जेवायला आहे’ यातलं मेहुण तेच का?

दुसरा प्रश्न आधी. मूळ एकच. संस्कृतातलं मिथुन म्हणजे जोडी. राशीतलं मिथुन तेच. प्राकृतात थ चा ह आणि न चा ण झाला, त्यातून आपलं मेहुण : नवरा-बायकोची जोडी. मेहुणा, मेहुणी हे याच कुळातले, लग्नाच्या जोडीतून आलेले नातलग. हेमचंद्र या जैन पंडिताच्या ‘देशीनाममाला’ या प्राकृतातल्या देशी शब्दांच्या कोशात (१२ वं शतक) ‘मेहुणिआ’चे दोन अर्थ आहेत, बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, त्यामुळे दुसऱ्या अर्थाचं नवल वाटायला नको.

आता मेहुणा. माझ्या मते इथे दोन नाती मोजणं हीच चूक आहे. रमेशच्या बहिणीचं लग्न सुरेशशी झालं, तर सुरेशला रमेश ‘बायकोचा भाऊ’ आणि रमेशला सुरेश ‘बहिणीचा नवरा’. नातं एकच, टोकं दोन. साडू किंवा व्याही जसे एकमेकांचे असतात, तसेच हेही एकमेकांचे मेहुणे. मधली बाई एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. बायकोची बहीण मेहुणी, आणि तिच्या लेखी हा मेहुणा. तेही त्यात बसतं. नवऱ्याची भावंडं मात्र या शब्दात येत नाहीत. त्यांच्यासाठी दीर आणि नणंद.

तरी ‘हे आमचे मेहुणे’ एवढ्यावर ऐकणाऱ्याला उलगडा होत नाहीच. तिथे सरळ ‘बहिणीचे यजमान’ किंवा ‘हिचा भाऊ’ म्हणावं. हाक मारताना मेहुणा सहसा कुणी म्हणत नाही. बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी किंवा दाजी, बायकोच्या धाकट्या भावाला नावाने.

लिहिताना खरी गफलत होते ती सामान्यरूपात. मेहुण नपुंसकलिंगी : ते मेहुण, पाच मेहुणं, मेहुणांना. मेहुणा : मेहुण्याला, अनेकवचनी मेहुण्यांना. आणि मेहुणीचं अनेकवचनही मेहुण्यांना! म्हणजे ‘मेहुण्यांना साड्या दिल्या’ यात साडीवरूनच अर्थ लागतो. पण कुलधर्माच्या जेवणाला ‘मेहुण्यांना बोलावलं’ असं लिहिलंत तर बायकोचे भाऊ येतील, जोडपी नाहीत; तिथे ‘मेहुणांना’च हवं. पानं मांडणाऱ्यानेही लक्षात ठेवावं : पाच मेहुणं म्हणजे दहा पानं.

मेव्हणा, मेव्हणी ही रूपं सर्रास चालतात, उच्चारात ‘हु’चा ‘व्ह’ झालेला. पण जोडप्याला ‘मेव्हण’ म्हणत नाहीत, ते मेहुणच.