सिलिकॉन इम्प्लांटमुळे सांधे धरतात का?

प्रश्न : वय ५४. सात वर्षांपूर्वी कर्करोगामुळे डावा स्तन काढून तिथे सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवलं. कर्करोग परत येऊ नये म्हणून पाच वर्षं टॅमॉक्सिफेन झालं, दीड वर्षापासून लेट्रोझोलची गोळी चालू आहे. वर्षभर सकाळी बोटं आखडतात, डोळे चुरचुरतात. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) १:८० पॉझिटिव्ह. इम्प्लांट काढून टाकू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, इतक्यात नको. तुमच्या तारखा पाहता पहिला संशय लेट्रोझोलवर येतो. त्याने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तळाला जातं आणि बोटं, मनगटं, गुडघे धरतात. ही अगदी नेहमीची तक्रार आहे. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बदलायची की थोडे दिवस थांबवून पाहायची, हे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील.

एएनए १:८० एवढ्यावरून आजार ठरत नाही; धडधाकट माणसांतही शंभरात तेराएक जणांना तो येतो. डोळ्यांची शिर्मर चाचणी करा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतात; ती ५ मिमी किंवा त्याहून कमी भिजली, तर डोळे खरंच कोरडे आहेत. सोबत रक्ताच्या तपासण्या : अँटी-आरओ (डोळे-तोंड कोरडं पाडणाऱ्या शोग्रेन आजारासाठी), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवातासाठी). गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी पडत असतील तर संधिवाततज्ज्ञांना आवर्जून सांगा. स्क्लेरोडर्माची, म्हणजे त्वचा कडक करत जाणाऱ्या आजाराची, सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

आता इम्प्लांटविषयी. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं व वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) जेल इम्प्लांटवर निर्बंध घातले. १९९४ मध्ये मेयो क्लिनिकने इम्प्लांट असलेल्या ७४९ स्त्रियांची इतरांशी तुलना केली. संयोजी ऊतींचे आजार (शोग्रेन, स्क्लेरोडर्मा यांसारखे) जास्त आढळले नाहीत. २००६ मध्ये परवानगी परत मिळाली. २०१८ च्या मोठ्या अभ्यासांत मात्र शोग्रेन आणि स्क्लेरोडर्मा जास्त दिसले. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, तरी आम्ही हा प्रश्न मिटला असं म्हणणार नाही. धोका असलाच तर लहान आहे. आजार खरोखर जडला असेल तर इम्प्लांट काढल्याने तो जाईलच असं नाही, औषधं लागतातच.

एमआरआय मात्र करून घ्या. पाच-सहा वर्षांनी पहिला आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे, कारण जेलचं इम्प्लांट फुटलं तरी बहुधा कळत नाही. फाट शोधायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. फाटलेलं निघालं तर ते काढणंच योग्य.

घरी इम्प्लांटचं कार्ड शोधा. पृष्ठभाग खरबरीत लिहिला असेल आणि तो स्तन अचानक सुजला, तर आतलं पाणी काढून त्यातल्या पेशींवर सीडी-३० ही खूण आहे का ते तपासायला सांगा. त्या सुजेमागे क्वचित लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) असतो.