वोटिंग कार्ड गावचं, राहणं कांदिवलीत भाड्याने: मुंबईत मत द्यायचं तर काय करायचं?

तुमचे प्रश्न मला असे समजले: वोटिंग कार्ड राजापूरकडच्या गावचं आहे, सहा वर्षं कांदिवलीत भाड्याने राहताय, दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट नवं होतं आणि घरमालक एनओसी द्यायला तयार नाही. मुंबईत मत द्यायला कुठले कागद लागतात, गावचं नाव काढावंच लागतं का, आणि वर्षातले काही महिने तुमच्याकडे येऊन राहणाऱ्या आईचं काय करायचं?

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि पश्चिम उपनगरात बीएलओचं काम केलंय, म्हणजे मतदार यादीतला एक भाग सांभाळलाय. अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहतो का, हे दारात जाऊन बघायचं आणि तसा रिपोर्ट द्यायचा. तुमच्यासारखी अर्धी गावात, अर्धी मुंबईत असलेली घरं त्या भागात पुष्कळ होती.

घरमालकाचं आधी मिटवून टाकू. एनओसी कोणी मागतच नाही. अर्जात तसा रकानाच नाही. भाडेकरूसाठी जो कागद चालतो तो म्हणजे रजिस्टर केलेलं भाड्याचं ॲग्रीमेंट, आणि आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करणं कायद्यानेच सक्तीचं आहे. त्यामुळे तो कागद तुमच्याकडे असायला हवा. मालकाने स्टॅम्प पेपरवर नुसत्या सह्या घेऊन काम भागवलं असेल तर तो चालणार नाही, पण म्हणून अडतही नाही. आधारवर कांदिवलीचा पत्ता असेल तर तेवढं पुरतं. नाहीतर त्या पत्त्याचं बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक द्या, किंवा पासपोर्ट द्या. लाइट, पाणी, गॅस यांचं निदान वर्षभराचं बिलही चालतं, पण भाड्याच्या घरात लाइट बिल बहुधा मालकाच्या नावावर असतं, म्हणून त्याच्या मागे लागू नका. भाडेकरूचं नाव मतदार यादीत आलं की तो घरावर हक्क सांगेल, ही मालकांची भीती मी अनेक दारांत ऐकली आहे. यादीतल्या नावाने कुणालाही घर मिळत नाही, हे मालकाला शांतपणे सांगून बघा. नाही पटलं तरी तुमचा अर्ज त्याच्यावाचून अडत नाही.

आता खरा घोळ होतो तो फॉर्मचा. तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलात किंवा निवडणुकीच्या तोंडावर गल्लीत टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांकडे गेलात, तर शंभर टक्के तुम्हाला फॉर्म 6 देतील. तो भरू नका. फॉर्म 6 पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांचा. माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघात नाही, असं त्यात सही करून लिहून द्यावं लागतं, आणि तुमचं तर राजापुरात आहे. असं खोटं लिहून देणं हा 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 31 खाली गुन्हा आहे. वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुरुंगात कोणी जाताना मी पाहिलं नाही, पण दुबार नावं तयार होतात ती बऱ्याच वेळा याच वाटेने, आणि त्यात लबाडीपेक्षा चुकीचा फॉर्म हाती देणाऱ्याचा वाटा मोठा असतो. मुंबई महापालिकेच्या जानेवारी 2026 च्या निवडणुकीत अशा संशयित दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते.

तुमचा फॉर्म 8. त्यात स्थलांतराचा पर्याय असतो, तिथे 'विधानसभा मतदारसंघाबाहेर' यावर खूण करायची. जुना कार्ड नंबर टाकायचा, नवा पत्ता लिहायचा, वरच्यापैकी एक कागद स्वतः सही करून जोडायचा. नाव इकडे चढलं की तिकडचं त्याच अर्जावरून निघतं, गावाला नाव काढायचा वेगळा फॉर्म 7 भरत बसावं लागत नाही. कार्ड नव्या पत्त्याचं येतं, नंबर तोच राहतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर घरबसल्या होतं, फुकट होतं. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी 1950 या हेल्पलाइनवर फोन करून आपल्या मतदार नोंदणी कार्यालयाचा पत्ता घ्यावा. कांदिवली मुंबई उपनगर जिल्ह्यात येते. उपनगरात 26 विधानसभा मतदारसंघ आहेत, शहर जिल्ह्यात 10. कांदिवली पूर्व हा स्वतंत्र मतदारसंघ आहे आणि पश्चिमेचे भाग शेजारच्या मतदारसंघांत वाटले गेलेत, तेव्हा आपला कुठला ते संकेतस्थळावर तपासूनच भरा.

पत्ता लिहिताना आमच्यावर दया करा. 'गणेश चाळ, कांदिवली पूर्व' एवढ्यावर मी घर कसं शोधायचं? खोली नंबर, गल्ली, जवळचं देऊळ नाहीतर रेशन दुकान, सगळं लिहा. टॉवरमध्ये राहत असाल तर वॉचमनला सांगून ठेवा. बीएलओला गेटवरूनच परत पाठवलं जाणं ही चाळीतली नाही, टॉवरमधली गोष्ट आहे. घराला कुलूप दिसलं तर शेजाऱ्यांना विचारतात, म्हणून शेजाऱ्यांना तुमचं आडनाव माहीत असू द्या. अर्ज आला की हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, त्यानंतर निर्णय. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

गावचं नाव काढावंच लागतं का? हो. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. कुठे, हे ठरतं तुम्ही नेहमी राहता कुठे त्यावर. गावात घर आहे, घरपट्टी आपणच भरतो, सातबाऱ्यावर नाव आहे, यातल्या कशानेही तुम्ही तिथले 'सर्वसाधारण रहिवासी' ठरत नाही. केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी होत नाही, असं त्याच 1950 च्या कायद्याचं कलम 20 स्पष्ट सांगतं. याची दुसरी बाजू लोक विसरतात: यादीतून नाव गेलं म्हणून सातबाऱ्यावरचं जात नाही. वडिलोपार्जित हिस्सा, घर, देवस्थानातला मान, यांचा मतदार यादीशी काडीचा संबंध नाही. भावकीत कुणी तसं सांगत असेल तर सरपंचाच्या निवडणुकीत तुमचं मत त्याला हवंय, एवढंच समजा. ते मत मात्र खरंच जातं. ग्रामपंचायतीसाठी मुंबईहून एसटी भरून जाणाऱ्यांना ते सोडवत नाही, हे मला कळतं. पण सहा वर्षं ज्या गल्लीतलं पाणी भरताय, त्या वॉर्डाचा नगरसेवक निवडण्यात तुमचा हात नसावा हे मला जास्त खटकतं.

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते, हे इथे सांगते, कारण दर निवडणुकीला विचारतात. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि वॉर्डांप्रमाणे फोडतो. मुंबईत 227 वॉर्ड. जानेवारी 2026 च्या मतदानाला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती, त्यानंतर नाव नोंदवणाऱ्यांना विधानसभेच्या यादीत नाव असूनही वॉर्डात मत देता आलं नाही. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव चढू शकतं, पण सात दिवसांचा हिशेब धरला तर त्याच्या निदान दहा दिवस आधी फॉर्म गेलेला बरा. खरं तर निवडणुकीची वाटच बघू नका, फॉर्म 8 वर्षभर चालू असतो. घरात सतरा पूर्ण झालेलं कुणी असेल तर त्याचा फॉर्म 6 सोबतच भरून टाका. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण धरता येतील तेव्हा त्याचं नाव चढेल.

मतदानाच्या दिवशी कोणता पुरावा न्यायचा, हे यापेक्षा खूप सोपं आहे. वोटिंग कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक, पेन्शनचा फोटो असलेला कागद, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी, असं काहीही एक चालतं. घरी येते ती मतदार चिठ्ठी 2019 पासून एकटी चालत नाही, ती फक्त भाग आणि अनुक्रमांक शोधायला. रेशन कार्डही लोकसभा-विधानसभेच्या पुराव्यांच्या यादीत नाही, आणि आजीबाई नेमकं तेच घेऊन येतात. डिजिटल कार्ड डाउनलोड केलं असेल तर त्याची प्रिंट काढून न्या, मोबाइल आत नेऊ देत नाहीत. कांदिवलीच्या यादीत नाव चढलंय पण नवं कार्ड अजून हातात नाही, अशा वेळी राजापूरचं जुनं कार्डही चालतं. तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलं असेल तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे टेंडर्ड व्होट मागा. ओळख पटली की ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात, त्यावर मत द्यायचं.

आता आई. ती पावसाळ्यात चार महिने तुमच्याकडे येते आणि गणपतीला परत गावी जाते, असं तुम्ही लिहिलंय. मग तिचं घर गावीच. थोडे दिवस बाहेर राहिल्याने तिथलं रहिवासी असणं संपत नाही, हेही त्याच कलम 20 मध्ये आहे. तुमच्या फॉर्मसोबत तिचा फॉर्म 8 भरू नका. ती कायमची तुमच्याकडे आली तर त्या वेळी भरा, आणि तेव्हासुद्धा आधी तिला विचारून.