खाणीच्या जागी उगवलेलं जंगल

प्रश्न: मुलगा गुरुग्रामला असतो, डिसेंबरमध्ये तिकडे जातोय. तिथे खाणीच्या जागेवर जंगल केलंय म्हणे, मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का? आम्ही रोज वेताळ टेकडी चढणारी माणसं. – एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, नक्की जा! अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क नाव, साधारण ३९० एकर जागा, आधी तिथे दगडाच्या खाणी होत्या, उरलेल्या जमिनीवर वेडी बाभूळ माजलेली, मग २०१० पासून नागरिक आणि पालिका कामाला लागले आणि २०२२ मध्ये ती देशातली पहिली ओईसीएम जागा ठरली, म्हणजे अभयारण्य नसूनही निसर्ग टिकवणारी. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की तिथली देशी झाडं नर्सरीत मिळतच नव्हती, म्हणून अरवलीत फिरून बिया गोळा केल्या, रोपं स्वतः वाढवली. धौ नावाचं झाड आवर्जून बघा, आपल्या धावड्याचा भाऊबंद, बारीक पानं, खोडाजवळ वाकून बघितलंत तर मुळं सरळ खडकाच्या फटीत घुसलेली दिसतील.

मेट्रोच्या यलो लाइनवर गुरु द्रोणाचार्य स्टेशनला उतरा, पुढे रिक्षा. डिसेंबरात सकाळी धुकं असतं तर जरा उन्हं वर आल्यावरच जा, दुर्बीण असेल तर न्या.

आणि परत आलात की वेताळ टेकडीवरची आपली खाण आणि तिथली ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची गर्दी नीट बघा, देशी झाडं किती उरलीत ते आम्हाला लिहून कळवा, छापू.